सलूनमधील टिप टक्क्यांत नको, कारागिराच्या हातात द्या

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

सलूनमध्ये केस कापून झाल्यावर कारागिराला वेगळे पैसे द्यावेत का, आणि द्यायचे तर किती, हा प्रश्न मुंबईतल्या घराघरांत विचारला जातो. पण त्यावर कोणी सविस्तर लिहिलेले माझ्या वाचनात फारसे आलेले नाही. हॉटेलातल्या वेटरसाठी ताटलीत किती ठेवायचे याचा अंदाज बहुतेकांना असतो. सलूनमध्ये मात्र गल्ल्यापाशी उभे राहिल्यावर भलीभली माणसे गोंधळतात. अलीकडे मोठ्या सलूनमध्ये कार्ड घेण्याच्या यंत्रावर किंवा मोबाइलवर आलेल्या बिलाखाली दहा, पंधरा आणि वीस टक्के असे तीन चौकोन दिसू लागले आहेत आणि त्यांपैकी एखादा दाबल्याशिवाय बिल पुरे होणार नाही, अशी समजूत करून घेऊन अनेक जण मुकाट्याने मधला चौकोन दाबतात. माझे म्हणणे असे की टिप जरूर द्यावी, पण ती बिलाच्या टक्क्यांत मोजू नये. ज्याने काम केले त्याचा वेळ आणि श्रम पाहून रुपयांत ठरवावी, आणि ती त्याच्याच हातात पडेल हे पाहावे. हे मी जरा विस्ताराने मांडू इच्छिते.

टक्क्यांचा हा हिशेब अमेरिकेतून आला आहे. तिथे सलूनमध्ये बिलाच्या पंधरा ते वीस टक्के टिप देण्याचा रिवाज आहे आणि तिथल्या वेतनपद्धतीशी त्याचा जवळचा संबंध आहे. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार, ज्या कामगाराला नियमित टिप मिळते त्याला मालकाने ताशी २.१३ डॉलर इतकेच रोख वेतन दिले तरी चालते. मात्र टिप धरून ती रक्कम ताशी ७.२५ डॉलरच्या किमान वेतनापर्यंत पोहोचली पाहिजे. यातला २.१३ हा आकडा १९९१ पासून बदललेला नाही. काही राज्यांनी आपापल्या हद्दीत याहून चांगले नियम केले आहेत, हे खरे. परंतु टिप हा कमाईचा गृहीत धरलेला भाग आहे, ही समजूत तिथे सर्वत्र मुरलेली आहे. शिवाय तिथल्या अनेक सलूनमध्ये केशकर्तनकार आठवड्याच्या भाड्याने खुर्ची घेऊन स्वतःचा व्यवसाय करतात. ही सारी व्यवस्था जिथे नाही, तिथे तिचा केवळ टक्का उचलून आणला, तर त्यातून न्याय होत नाही.

तो कसा होत नाही, हे आकड्यांतच पाहावे. समजा, एखाद्या वातानुकूलित सलूनमध्ये संपूर्ण केसांना रंग लावून, धुऊन आणि वाळवून घेण्याचे बिल ६,००० रुपये झाले. त्यावर पंधरा टक्के म्हणजे ९०० रुपये. याच शहरात नाक्यावरच्या सलूनमध्ये १५० रुपयांत कटिंग होते. तिथले पंधरा टक्के म्हणजे साडेबावीस रुपये. रंगाचे काम तीन तासांचे आहे आणि कटिंगचे अर्ध्या तासाचे, हे मान्य केले तरी वेळेचा फरक सहापट आणि टिपेचा फरक चाळीसपट, हे प्रमाण कशानेच जुळत नाही. कारण ६,००० रुपयांच्या त्या बिलात रंगाच्या नळ्या आणि डेव्हलपर यांची किंमत आहे, वांद्र्याच्या किंवा लोअर परळच्या जागेचे भाडे आहे, आरसे, दिवे आणि नाममुद्रेचा खर्च आहे. यांतल्या कशावरही कारागिराचे हात चाललेले नसतात. टक्क्याने मोजणारा ग्राहक नकळत रंगाच्या कंपनीला आणि जागामालकाला शाबासकी देत असतो.

त्यात पुन्हा कर आहे. सलूनच्या सेवेवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. तोवर याच ६,००० रुपयांवर १,०८० रुपये कर लागून बिल ७,०८० होत असे आणि पडद्यावरचा टक्का जर या अखेरच्या रकमेवर मोजला जात असेल, तर टिप १,०६२ रुपये होई. आता ती ९४५ होईल. सरकारने कर कमी केला म्हणून कारागिराची टिप शंभराहून अधिक रुपयांनी घटावी, याला काय अर्थ आहे? ज्यांना टक्क्यानेच द्यायचे आहे त्यांनी निदान करापूर्वीच्या रकमेवर मोजावे. पण मुळात ही वाटच सोडावी, असे मला वाटते.

आता आपल्याकडची खुर्ची पाहू. लालबाग, दादर, घाटकोपर, कांदिवली, कुठेही जा, तीन-चार खुर्च्यांचा गाळा दिसेलच. मालक कधी स्वतः कात्री चालवतो, कधी गल्ल्यावर बसतो. इतर खुर्च्यांवरचे कारागीर बहुधा पगारावर नसून वाट्यावर असतात. दिवसभरात आपल्या खुर्चीवर जेवढे काम झाले त्याच्या निम्मे, किंवा जे ठरले असेल ते, कारागिराचे आणि उरलेले मालकाचे. मालकाच्या वाट्यातून भाडे, वीज, ब्लेड, क्रीम, टॉवेलची धुलाई हे सारे जाते, म्हणून मालकालाही मी दोष देत नाही. परंतु याचा अर्थ असा की १५० रुपयांच्या कटिंगमधले ७५ रुपये कारागिराच्या हाती येतात आणि गिऱ्हाईक आले नाही, तर काहीच येत नाही. रविवारी सकाळी बाकावर बसायला जागा नसते आणि आठवड्यातल्या एखाद्या आडवारी दुपारी चारही खुर्च्या रिकाम्या असतात. श्रावणात आपल्यातले कितीतरी पुरुष महिनाभर दाढी-कटिंग करत नाहीत, पुढे पितृपक्षात पुन्हा हात आखडला जातो. हा दीड महिन्याचा खड्डा वाट्यावर काम करणाऱ्याला एकट्याला सोसावा लागतो. अशा माणसाला गिऱ्हाइकाने वीस-तीस रुपये वर दिले, तर त्याच्या त्या कामाच्या कमाईत चांगली तिसऱ्या हिश्शाची भर पडते. पन्नास दिले तर दोन तृतीयांश. लहान सलूनमध्ये टिप देण्याची पद्धत नाही असे म्हणून जे हात झाडतात, त्यांनी हा हिशेब एकदा करून पाहावा. कारण सर्वांत थोड्या पैशांत सर्वांत जास्त फरक पडतो तो याच खुर्चीवर, आणि नेमकी तिथेच टिप देण्याची सवय आपल्याला सर्वांत कमी आहे.

मोठ्या सलूनची रचना निराळी असते. तिथे कारागिराला मासिक पगार असतो आणि ठरलेल्या रकमेपेक्षा अधिक काम झाले तर त्यावर इन्सेंटिव्ह मिळतो. ते टार्गेट गाठण्यासाठी शॅम्पूच्या बाटल्या आणि स्पाची पॅकेजे खपवण्याचा आग्रह त्यालाच करावा लागतो आणि ग्राहकाची नाराजीही त्यालाच सोसावी लागते. याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे तिथे एका डोक्यावर एकापेक्षा अधिक माणसे काम करतात. केस कापणारा कारागीर आपल्याला नावाने माहीत असतो. पण केस धुणारी, रंगाचा वाडगा कालवणारी, फॉइलचे तुकडे कापून हातात देणारी, खाली पडलेले केस झाडणारी मुलगी किंवा मुलगा, ज्याला हेल्पर किंवा असिस्टंट म्हणतात, तो बहुतेकांच्या हिशेबात नसतो. टिप दिली जाते ती कापणाऱ्याला. हेल्परचा पगार सर्वांत कमी आणि त्याचे काम हाताला सर्वांत जाचक. दिवसभर हात ओले राहणे, त्यात शॅम्पू, ब्लीच आणि रंग यांचा संपर्क, यामुळे बोटांना भेगा पडणे, त्वचा लाल होऊन सोलणे हा या व्यवसायातला जगभर ओळखला गेलेला विकार आहे. कापणारा कारागीर उभा राहून गुडघे आणि पाठ झिजवतो, तर हेल्परच्या कातडीवर परिणाम होतो. म्हणून माझा आग्रह असा की जिथे दोघांनी काम केले, तिथे टिप दोघांना, आणि वेगवेगळी, द्यावी. कारागिराला देऊन तू वाटून घे म्हणणे सोपे असते, पण वयाने आणि हुद्द्याने लहान असलेल्या हेल्परला मागण्याची सोय नसते.

मग किती? मी माझ्यापुरता ठरवलेला हिशेब सांगते. तो कोणावर लादण्याचा हेतू नाही. अर्ध्या तासाच्या कामाला ३० ते ५० रुपये आणि तासाभराच्या कामाला साधारण १००, मग सलून नाक्यावरचे असो की मॉलमधले. या मर्यादेत खालची रक्कम द्यायची की वरची, हे आपल्या ऐपतीप्रमाणे आणि कामाच्या गुणाप्रमाणे ठरवावे. केसांचा रंग, केराटिन, स्ट्रेटनिंग अशा दोन-तीन तासांच्या कामाला कारागिराला २५० ते ३०० आणि हेल्परला १०० दिले तर ते रीतसर होते. ६,००० च्या बिलावर हे एकूण ४०० रुपयांच्या आत बसते, म्हणजे पडद्यावरच्या पंधरा टक्क्यांच्या निम्म्याहूनही कमी, आणि तरीही त्या दोघांना मिळून हाती पडणारी रक्कम खात्रीची. नुसती दाढी असेल तर दहा-वीस रुपये. दाढीनंतर कारागिराने आपणहून डोक्याला तेल लावून दहा मिनिटे चंपी केली आणि तिचे पैसे दरपत्रकात नसतील, तर ते फुकट समजू नये, त्याचे वेगळे द्यावेत. फुटपाथवर, झाडाखाली किंवा भिंतीला आरसा टेकवून बसणाऱ्या नाभिकाकडे दर आधीच इतका कमी असतो की तिथे बिलाची रक्कम पुढच्या पन्नासापर्यंत किंवा शंभरापर्यंत पुरी करून देणे हेच उत्तम. लहान मुलांची कटिंग मोठ्यांच्या दरात किंवा त्याहून कमी दरात होते, पण हलणाऱ्या, रडणाऱ्या मुलाच्या कानाजवळ कात्री चालवण्याचे कसब आणि धीर लक्षात घेता तिथे मी नेहमी वरची रक्कम देते. जावळाच्या वेळी तर नारळ, शिधा आणि दक्षिणा देऊन नाभिकाचा मान राखण्याची रीत आपल्याकडे आहेच. घरी बोलावण्याऐवजी सलूनमध्ये जाऊन जावळ काढले म्हणून ती रीत सोडू नये.

बायकांच्या पार्लरविषयी दोन शब्द, कारण टिपेची चर्चा होते तेव्हा पुरुषांची कटिंगच सर्वांच्या डोळ्यांसमोर असते. गल्लीतल्या पार्लरमध्ये आयब्रोचे थ्रेडिंग पाच-दहा मिनिटांचे असते. तिथे दहा-वीस रुपये पुरेत. वॅक्सिंग, फेशियल, पेडिक्युअर यांना वर सांगितलेला तासाचा हिशेब लागू करावा. पार्लर चालवणारी बाई स्वतःच काम करत असेल, तर तिला टिप देण्याची गरज नाही, कारण पूर्ण दर तिच्याच हाती जातो. तिच्या दरात घासाघीस न करणे हाच तिचा सन्मान. हीच गोष्ट स्वतः कात्री चालवणाऱ्या सलूनमालकाची.

मोबाइलवरून बोलावल्यावर घरी येणाऱ्या मुलींची परिस्थिती मात्र सर्वांत अवघड आहे. अवजड बॅग खांद्याला लावून त्या लोकलने आणि रिक्षाने येतात, एका कामावरून दुसऱ्या कामावर पोहोचण्याचा वेळ त्यांच्या हिशेबात धरला जात नाही, ग्राहकाने दिलेल्या किमतीतून कंपनीचा वाटा कापला जातो आणि ग्राहकाने कमी तारे दिले तर पुढची कामे घटतात. त्यांना ५० ते १०० रुपये द्यावेतच. काही इमारतींत त्यांना मुख्य लिफ्ट वापरू देत नाहीत. टिप देणाऱ्यांनी आपल्या सोसायटीच्या कमिटीला यावर चार शब्द सुनावले, तर तेही तितकेच मोलाचे ठरेल. आजारी किंवा अंथरुणाला खिळलेल्या माणसाची दाढी-कटिंग करायला घरी येणाऱ्या कारागिराला तर दरापेक्षा निम्मे अधिक द्यायला हवे. ते काम करायला सगळे तयार होत नाहीत आणि जे होतात ते पैशांसाठी होत नाहीत, हे मी आमच्या शेजारच्या वृद्धांच्या घरी पाहत आले आहे.

टिप कधी देऊ नये, हेही स्पष्ट असावे. काम मनासारखे झाले नाही, सांगितले एक आणि कापले दुसरेच, तर टिप देण्याचे काही कारण नाही. पण काय बिघडले ते त्याच वेळी, सौम्य शब्दांत आणि मालकाच्या कानी न घालता कारागिरालाच सांगावे. वेळ ठरवूनही पाऊण तास बसवून ठेवले, एसी बंद होता, बिलात चूक झाली, या गोष्टींचा राग मात्र कारागिराच्या टिपेवर काढू नये, कारण त्यांतली एकही त्याच्या हातात नसते. विद्यार्थी, निवृत्तिवेतनावर जगणारे, नोकरी गेलेले यांनी टिप दिली नाही तर त्यांना कोणी बोल लावू नये, आणि त्यांनीही संकोच करू नये.

रकमेइतकाच महत्त्वाचा मुद्दा ती कशी पोहोचते हा आहे. पूर्वी खिशात सुटे पैसे असत. यूपीआय आल्यापासून भाजीवाल्यापासून सलूनपर्यंत सगळीकडे आपण क्यूआर कोड स्कॅन करतो, आणि सलूनच्या भिंतीवरचा क्यूआर कोड मालकाच्या खात्याचा असतो. १५० ऐवजी २०० रुपये पाठवून वरचे पन्नास त्याला द्या असे सांगितले, तर चांगला मालक रात्रीच्या हिशेबात ते वेगळे काढतो, पण गर्दीच्या दिवशी ते राहून जाण्याची शक्यता असते आणि कारागीर आठवण करून देत नाही. यावर कारागिराचाच क्यूआर किंवा मोबाइल क्रमांक मागणे हा अनेकांचा उपाय असतो. पुरुष कारागिरांच्या बाबतीत तो चालतो. स्त्री कारागिरांच्या बाबतीत तो अडचणीचा आहे, कारण यूपीआयच्या व्यवहारात पूर्ण नाव आणि अनेकदा मोबाइल क्रमांक समोरच्याला कळतो, आणि परक्या ग्राहकाकडे, विशेषतः पुरुष ग्राहकाकडे, तो जावा असे त्या मुलींना वाटत नाही. टिपेसाठी कोणाही स्त्रीकडे तिचा क्रमांक मागू नये, एवढे भान पुरुष ग्राहकांनी ठेवावे. सलूनला जाताना पाकिटात दहा, वीस, पन्नासच्या चार नोटा ठेवणे हाच यावरचा सर्वांत साधा उपाय आहे.

कार्डावर किंवा पडद्यावरच्या चौकोनातून दिलेली टिप कंपनीच्या खात्यात जाते. तिथून ती कोणाला, कधी आणि किती मिळते, हे ग्राहकाला कळण्याचा मार्ग नाही. मी एका मोठ्या सलूनच्या काउंटरवर हे विचारले, तेव्हा तिथल्या व्यवस्थापिकेने सर्व टिप एकत्र करून महिन्याच्या शेवटी वाटली जाते असे सांगितले. ती कोणत्या हिशेबाने, या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही. इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये यासाठी २०२३ मध्ये कायदा करण्यात आला आणि तो १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाला. मालकाच्या हाती आलेली संपूर्ण टिप कोणतीही कपात न करता, फार तर पुढच्या महिन्याच्या अखेरीपर्यंत, कामगारांना न्याय्य रीतीने वाटली पाहिजे आणि वाटपाचे धोरण लेखी असले पाहिजे, असे तो सांगतो. हॉटेलांप्रमाणे सलूनही त्यात येतात. आपल्याकडे असा स्वतंत्र कायदा नाही. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी सेवाशुल्क आपोआप बिलात लावू नये अशी मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी ती उचलून धरली, पण ती हॉटेले आणि उपाहारगृहे यांच्यापुरती आहेत. सलूनमालकांनी कायद्याची वाट न पाहता दरपत्रकाखाली एक ओळ छापावी, अशी माझी त्यांना आणि त्यांच्या संघटनांना विनंती आहे: टिप ऐच्छिक आहे, बिलात धरलेली नाही, आणि कार्डावर दिलेली टिप काम करणाऱ्याला त्याच आठवड्यात पूर्ण मिळते. ज्यांना ही ओळ खरेपणाने छापता येत नसेल त्यांनी पडद्यावरचे ते तीन चौकोन काढून टाकावेत.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो मला गंभीर वाटतो. टिप दिल्याने मालकाला पगार कमी ठेवण्याची सवय लागते, तेव्हा कारागिराला नीट पगार द्या आणि टिप बंद करा, असे काही जण म्हणतात. यातला पूर्वार्ध मला पूर्ण मान्य आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये आयटीसीच्या हॉटेलांसंबंधीच्या निकालात, ग्राहकाने कार्डावर दिलेली आणि मालकाने कर्मचाऱ्यांना वाटलेली टिप म्हणजे पगार नव्हे, असे स्पष्ट केले. तो निकाल उद्गम करकपातीसंबंधी (टीडीएस) होता. तरी त्यातले तत्त्व कारागिरानेही समजून घ्यावे, कारण पगार नसलेल्या पैशावर भविष्यनिर्वाह निधी जमा होत नाही आणि आजारपणात तो मिळत नाही. टिप कितीही मिळत असली, तरी किमान वेतन, आठवड्याची सुट्टी आणि ठरलेले तास यांना ती पर्याय होऊ शकत नाही. पण त्या आक्षेपाचा उत्तरार्ध व्यवहारात टिकत नाही. महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा करतानाच दहापेक्षा कमी कामगारांची आस्थापने त्यातून बहुतांशी वगळली गेली होती, आणि मुंबईतले बहुसंख्य कारागीर अशाच लहान गाळ्यांत वाट्यावर काम करतात. त्यांना पगारच नाही, तर तो वाढणार कुठून? त्यांचे उत्पन्न दर वाढला तरच वाढते. म्हणून टिप नको म्हणणाऱ्यांनी निदान कटिंगचा दर दहा-वीस रुपयांनी वाढला की जी कुरकुर सुरू होते, तीत सामील होऊ नये. आमच्या भागातल्या सलूननी मागच्या खेपेला दर वाढवले, तेव्हा कॅफेत एका कॉफीला तीनशे रुपये मोजणारी माणसेही त्याविरुद्ध बोलताना मी ऐकली आणि मला त्याचे फार वाईट वाटले.

करोनाच्या काळात या व्यवसायाचे जे झाले ते आपण इतक्या लवकर विसरावे, याचेही वाईट वाटते. मार्च २०२० मध्ये बंद झालेली राज्यातली सलून २८ जून २०२० पासून उघडण्याची परवानगी मिळाली, तीही आरंभी केस कापण्यासारख्या निवडक कामांसाठी. दाढीला मनाई होती. नंतर एप्रिल २०२१ मध्ये ती पुन्हा बंद झाली. वाट्यावर काम करणाऱ्या कारागिराला त्या महिन्यांत कोणाकडूनही काहीच येणे नव्हते आणि कितीतरी जण गावी गेले ते परतलेच नाहीत.

टिप घेणे कमीपणाचे आहे, कारागिराला त्यात लाज वाटत असेल, असे म्हणणारेही भेटतात. या व्यवसायाचा स्वाभिमान इतका तकलादू नाही. कामगारनेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने १८९० मध्ये याच मुंबईतल्या नाभिकांनी विधवांचे केशवपन करणार नाही असे ठरवले आणि स्वतःच्या उत्पन्नावर पाणी सोडले. अशा परंपरेतल्या माणसाला कामाबद्दल दिलेले चार पैसे हिणवत नाहीत. ते ज्या रीतीने दिले जातात त्याने तो दुखावू शकतो. नोट आरशापुढच्या फळीवर टाकून निघून जाऊ नये. हातात द्यावी आणि काम चांगले झाले असे म्हणावे.

शेवटी दिवाळीविषयी. गावगाड्यात नाभिकाला प्रत्येक हजामतीचे पैसे मिळत नसत. वर्षाच्या सुगीला बलुते म्हणून धान्याचा वाटा मिळे आणि सणावारी, लग्नकार्यात वेगळा मान असे. मुंबईत रोखीने व्यवहार होऊ लागल्यावर बलुते गेले, पण दिवाळीच्या पोस्तीच्या रूपाने वर्षातून एकदा देण्याची रीत टिकून आहे. इमारतीचा वॉचमन, पोस्टमन, कचरा नेणारा, पेपर टाकणारा यांची आठवण आपल्याला होते. महिन्या-दीड महिन्याने ज्याच्यापुढे आपण डोके वाकवून बसतो तो कारागीर बहुधा त्या यादीत नसतो. ज्यांना प्रत्येक वेळी टिप देणे जमत नाही, त्यांनी दिवाळीला एका कटिंगच्या दराइतकी रक्कम पाकिटात घालून आपल्या नेहमीच्या कारागिराला द्यावी, आणि मोठ्या सलूनमध्ये जाणाऱ्यांनी तितकीच हेल्परलाही द्यावी. मात्र यात वेळेचे भान हवे. मुंबईतल्या सलूनमध्ये उत्तर प्रदेश आणि बिहारचे कारागीर मोठ्या संख्येने आहेत आणि त्यांतले बरेच जण दिवाळी-छठसाठी गावी जातात. काही जण धनत्रयोदशीच्या आधीच गाडी पकडतात. गाडीभाडे, घरच्यांचे कपडे, मुलांचा खाऊ हा खर्च त्याआधीच करायचा असतो. तेव्हा दिवाळीच्या आधीच्या कटिंगला जाल, त्याच वेळी पोस्त देऊन टाकावी. भाऊबीज उरकल्यावर पाकीट घेऊन गेलात, तर त्या खुर्चीवर दुसराच कोणी उभा असण्याचा संभव आहे.

कळावे, लोभ असावा.

आपली नम्र,
एक वाचक, दादर (पश्चिम), मुंबई